बसलेले पाटे आणि ठोकळ्यावर ठोकळा: एका पिकअपच्या मागच्या उंचीचं प्रकरण

गाडी चार तक्रारी घेऊन आली. थांबलेल्या जागेवरून निघताना मागून ‘धप्’ असा आवाज यायचा आणि मागचा भाग क्षणभर थरथरायचा. ताशी ५० ते ७० किमीच्या दरम्यान अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बसायच्या जागेखाली कंपनं सुरू व्हायची, पाय काढला की थांबायची. सामान भरून ब्रेक लावला तर नाक फार खाली जायचं आणि गाडी पूर्वीपेक्षा उशिरा थांबायची. रात्री समोरून येणारे चालक सारखे डिपर द्यायचे. मालकाला या चार वेगवेगळ्या दुरुस्त्या वाटत होत्या. त्याची मूळ मागणी पाचवीच होती: मागची उंची अजून थोडी वाढवून द्या, पाट्यांखाली (मागच्या पट्टीच्या स्प्रिंगांखाली) ठोकळा टाकूनही गाडी मागून बसलेलीच दिसते.

या पाचव्या मागणीतच बाकी चारांचं मूळ होतं.

गाडी दुहेरी केबिनची, फोर बाय फोर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३१०० मिमी. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारी आडवी नळी) आणि त्याच्या वर जोडलेले पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा, दोन तुकड्यांचा, मध्ये त्याला धरणारं सेंटर बेअरिंग, दोन्ही टोकांना साधे क्रॉस जॉइंट (कोनात फिरू देणारे सांधे). मागच्या ब्रेकला भार ओळखणारा व्हॉल्व्ह, म्हणजे चेसिसवर व्हॉल्व्ह आणि तिथून अ‍ॅक्सलपर्यंत गेलेली दांडी. हौद्यावर टप (छत) आणि अवजारांची पेटी कायमची बसवलेली, दोन्ही मिळून १८० किलो आणि जवळजवळ सगळं वजन मागच्या अ‍ॅक्सलवर. अधूनमधून आणखी ४०० किलोपर्यंत माल. पुढची उंची आधीच ४५ मिमी वाढवलेली होती. मागे पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ५० मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा टाकला होता.

आधी टेप, मग पाना

उंची मोजायची ती जमिनीपासून नाही. टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं की फक्त सस्पेन्शनचा हिशेब हाती येतो. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक सोडलेला, मोजण्याआधी मागचा भाग दोन-तीनदा हाताने दाबून सोडलेला. हँडब्रेक ओढलेला असेल तर पाटे अडून बसतात आणि आकडा ५-१० मिमीने सहज चुकतो. हँडब्रेक सोडताना पुढच्या चाकांना लाकडी अडण लावायचीच.

दुरुस्तीपुस्तिकेप्रमाणे रिकाम्या गाडीची उंची पुढे ४९०, मागे ५२० मिमी. प्रत्यक्षात टप आणि पेटीसकट मागे डावीकडे ५२७, उजवीकडे ५२१ भरली. सरासरी ५२४. म्हणजे ५० मिमीचा ठोकळा टाकून मूळ उंचीच्या वर फक्त ४ मिमी मिळाले होते.

बाकीचे ४६ मिमी कुठे गेले हे शोधल्याशिवाय पुढचं पाऊल टाकण्यात अर्थ नव्हता. टप आणि पेटी उतरवून पुन्हा मोजलं: सरासरी ५५०. त्यातून ठोकळ्याचे ५० वजा केले की उरतात ५००. नव्या पाट्यांवर ५२० हवे होते, म्हणजे पाटे कायमचे २० मिमी बसलेत. उरलेले २६ मिमी कायमच्या भारामुळे. त्याच आकड्यातून पाट्यांचा ताठपणाही निघतो: १८० किलो म्हणजे दर बाजूला सुमारे ८८३ न्यूटन, भागिले २६ मिमी, म्हणजे मिलिमीटरला साधारण ३४ न्यूटन. हा आकडा पुढे ब्रेकच्या हिशेबात फार उपयोगी पडला.

टप उतरवायला अर्धा तास लागतो म्हणून बहुतेक ठिकाणी ही मोजणी टाळली जाते. पण ‘पाटे बसलेत’ आणि ‘पाट्यांवर कायमचा भार आहे’ हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यावर उपाय नवे पाटे, दुसऱ्यावर उपाय योग्य ताठपणाचे पाटे. या गाडीला दोन्ही आजार होते, आणि ठोकळा दोन्हींपैकी एकावरही औषध नाही.

ठोकळ्याच्या खाली काय निघालं

चाकं काढल्यावर दिसलं की कंपनीने या गाडीला मुळातच ३० मिमीचा बिडाचा ठोकळा दिलेला आहे. बऱ्याच पिकअपना, विशेषतः जड भाराच्या, असा ठोकळा कारखान्यातूनच येतो. धूळ-चिखलाने तो अ‍ॅक्सलच्या बैठकीचाच भाग वाटतो आणि नवा ठोकळा त्याच्यावर चढतो. इथे तसंच झालं होतं: ३० वर ५०.

ठोकळ्यावर ठोकळा कधीच ठेवायचा नाही. नियम सगळ्यांना पाठ असतो, त्यामागचं कारण मात्र क्वचित सांगितलं जातं. यू-बोल्टचं, म्हणजे इंग्रजी यू आकाराच्या बोल्टचं, काम पाटा, ठोकळा आणि अ‍ॅक्सल यांना इतकं घट्ट आवळून धरण्याचं आहे की त्यांच्यात घर्षणानेच हालचाल होऊ नये. ठोकळ्याची खुंटी आणि पाट्यांचा गठ्ठा मधोमध बांधणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं फक्त जागा दाखवतात. अ‍ॅक्सलचा जोर झेलायला ते बनवलेले नाहीत. प्रत्येक वाढीव सांधा म्हणजे रंग, गंज, मातीचा आणखी एक थर. गाडी चालू लागली की हे थर चेपतात, आवळ ढिला पडतो, घर्षण कमी होतं आणि सगळा जोर खुंटीवर येतो. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने खुंटीचं भोक लंबगोल होतं. डाव्या बाजूला नेमकं हेच झालं होतं. भोक ओढलेलं, सेंटर बोल्ट वाकलेला, आणि डावं मागचं चाक उजव्यापेक्षा ५ मिमी मागे. निघतानाचा ‘धप्’ हा ठोकळा सरकल्याचा आवाज होता. यू-बोल्टचे नट टॉर्क पान्याने तपासले तर आठपैकी तीन सांगितलेल्या टॉर्कच्या बरेच आधी फिरले.

यू-बोल्ट नवे घातले होते, पण कमी पडत होते. दोन नटांतून आटे बाहेरही आले नव्हते. नटाबाहेर निदान तीन आटे दिसायलाच हवेत.

तरफेचा हिशेब वेगळाच. चाक जमिनीवर जो जोर लावतं तो चेसिसपर्यंत पोचतो पाट्यातून, आणि जमिनीपासून पाट्याच्या मध्यापर्यंतची उंची हा त्या जोराचा हात. या गाडीत जमिनीपासून अ‍ॅक्सलचा मध्य ३७० मिमी, तिथून पाट्याचा मध्य १०५, एकूण ४७५. वर ५० चा ठोकळा आला की ५२५. निघताना आणि ब्रेक लावताना पाट्यांना पिळणारा जोर साडेदहा टक्क्यांनी वाढला, तोही आधीच दमलेल्या पाट्यांवर. पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात, पिनियनचं (अ‍ॅक्सलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या गिअरचं) नाक वर उचललं जातं, मग पाटे झटक्यात परत येतात. थरथर ती हीच. लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या सावकाश, जोरकस गिअरमध्ये) चाकावरचा जोर कितीतरी पटीने वाढतो, तेव्हा हाच झटका क्रॉस जॉइंट तोडू शकतो.

मागच्या बाजूचं एक निरीक्षण नोंदवण्यासारखं आहे. उजवीकडचा दुसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ केसभर तडकला होता. तारेच्या ब्रशने घासून, रॉकेलचं फडकं फिरवून, पुसून खडू चोळला तेव्हा रेघ उमटली. पाट्यांची तड बहुधा याच जागी असते, आणि तिथेच ती आवळलेल्या भागाखाली लपते. उंचीचं काम हाती घेतलं की गठ्ठा एकदा पूर्ण सोडून पाहावा.

कंपनं आणि ब्रेक

कंपनांचं कारण उंचीत नव्हतं, कारण प्रत्यक्ष उंची जेमतेम ४ मिमी बदलली होती. डिजिटल कोनमापक लावला तर सेंटर बेअरिंगकडच्या योकचा (सांध्याच्या चिमट्याचा) कोन ३.० अंश आणि पिनियनचा ५.६. साध्या क्रॉस जॉइंटच्या शाफ्टला हे दोन कोन समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आत. इथे २.६. कारण अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा निमुळता होता, जाड बाजू मागे. पाटा अ‍ॅक्सलच्या वर असताना जाड बाजू मागे आली की पिनियनचं नाक वर उचललं जातं. ज्या शाफ्टच्या पुढच्या टोकाला दुहेरी क्रॉस असतो त्याला हे हवं असतं, कारण तिथे पिनियनने थेट शाफ्टच्या रेषेत बघायचं असतं. साध्या शाफ्टच्या गाडीला तोच ठोकळा घातला की कंपनं विकत घेतल्यासारखी. पाट्याच्या गाडीत उलट पिनियन अर्धा ते एक अंश खालीच ठेवतात, म्हणजे जोर लावल्यावर नाक वर आलं की ते समांतर होतं.

ब्रेकची तक्रार यापेक्षा गंभीर, आणि सर्वांत कमी वेळा ओळखली जाणारी. भार ओळखणारा व्हॉल्व्ह वजन मोजत नाही. तो चेसिस आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर मोजतो. अंतर कमी झालं म्हणजे माल भरलाय, मागच्या ब्रेकला जास्त दाब द्या. अंतर वाढलं म्हणजे गाडी रिकामी, दाब कमी करा. चांगल्या मूळ पाट्यांवर १८० किलो भार असता तर उंची ४९४ असती. या गाडीत ती ५२४ होती. व्हॉल्व्हला ५२४ म्हणजे रिकामी गाडी. टप आणि पेटी त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हती, आणि वर ४०० किलो भरले तरी तो सुमारे दोनशे किलो कमीच धरत होता. पुढच्या ब्रेकवर जास्त भार, नाक खाली, थांबायला उशीर: तिन्ही गोष्टी इथूनच. ज्या गाड्यांत हा वाटप-हिशेब एबीएसचा संगणक करतो तिथे ही दांडी नसते, पण उचललेल्या गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतोच, आणि तो संगणकाला कोणी सांगितलेला नसतो.

दिव्यांचं सोपं. पुढे ४५ वाढले, मागे ४. फरक ४१ मिमी, अंतर ३१००. दहा मीटरवर दिव्याचा झोत १३ सेंटिमीटर वर. समोरच्याच्या डोळ्यात जाणारच.

कोणती पद्धत, आणि बाकीच्या का नाहीत

मालकाचं पहिलं म्हणणं असं की दोन ठोकळे चालत नसतील तर एकच ८० मिमीचा पोलादी घाला. सांधे कमी झाले असते, हे खरं. पण बसलेले, तडकलेले पाटे तसेच राहिले असते आणि तरफेचा हात तितकाच लांब. शिवाय ठोकळ्याची एक बाजू फारशी कोणी बघत नाही: बंप स्टॉप (अ‍ॅक्सल फार वर आला की त्याला अडवणारं रबर) चेसिसवर असेल आणि अ‍ॅक्सलवर टेकत असेल, तर ठोकळा जेवढ्या उंचीचा तेवढाच पाटा जादा वाकून मग टेकतो. ५० चा ठोकळा म्हणजे प्रत्येक मोठ्या खड्ड्यात पाटा ५० मिमी जास्त उलटा वाकणार. म्हणून ठोकळा घातलाच तर बंप स्टॉप तितकाच खाली यायला हवा. काही ठोकळ्यांना त्यासाठी बाजूला आलेला हात असतो. निरोगी पाट्यांवर, कंपनीच्या ठोकळ्याच्या जागी, सरळ, पोलादी किंवा बिडाचा एकच ठोकळा, मापाचे नवे यू-बोल्ट आणि खाली आणलेला बंप स्टॉप, एवढं असेल तर २५ ते ५० मिमीसाठी ठोकळा मान्य आहे. पुढच्या अखंड अ‍ॅक्सलवर मात्र ठोकळा कोणत्याही उंचीचा नाही. तिथे ब्रेकचा सर्वांत मोठा जोर आणि स्टीअरिंग एकत्र येतात.

लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चेसिसला टांगणारी कडी, स्वस्त आणि तासाभराचं काम, म्हणून त्याचा मोह मोठा. शॅकल ५० मिमीने वाढवली तर उंची वाढते २५च, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं आणि अ‍ॅक्सल मध्यावर असतो. त्याच वेळी अख्खा पाटा पुढच्या डोळ्याभोवती (चेसिसला जोडलेल्या पुढच्या टोकाभोवती) फिरतो. १२५० मिमीच्या पाट्याला ५० मिमी म्हणजे सुमारे २.३ अंश, आणि तेवढंच पिनियनचं नाक वर. या गाडीला आधीच तोच रोग होता. लांब शॅकल आडव्या जोरालाही जास्त डुलते, वळणावर मागचा भाग हलका बाजूला सरकल्यासारखा वाटतो.

एक पाटा वाढवणं ही यापेक्षा बरी वाट आहे, कारण उंची निदान स्प्रिंगमधूनच येते. निरोगी गठ्ठ्यात लांब पाटा, जो खालच्या पाट्यांबरोबर टप्प्याटप्प्याने लहान होत जातो, तो वाढवता येतो. आखूड, जाड, खूप कमानीचा पाटा टाळावा: त्याच्या टोकापाशी वरच्या पाट्याला एकाच रेषेवर जोर बसतो आणि तिथेच तो मोडतो. इथे हा प्रश्नच उरला नव्हता. तडकलेल्या आणि २० मिमी बसलेल्या गठ्ठ्यात नवा पाटा घातला तर सगळा भार तो एकटा उचलणार. जुन्या पाट्यांना गार ठोकून पुन्हा कमान देण्याबद्दलही तेच. उष्णता-प्रक्रियेशिवाय दिलेली कमान फार दिवस टिकत नाही, आणि तड तर राहतेच.

एअर बॅग (सस्पेन्शनला मदत करणारी हवेची पिशवी) हा भार आल्यावर गाडी सपाट ठेवण्याचा उपाय आहे, उंची वाढवण्याचा नव्हे. हवा भरून गाडी उचलून ठेवली की पाट्यांचं काम बॅगवर येतं, चेसिसवर एका जागी बिंदूभार पडतो आणि चाक खाली लोंबलं की बॅग ताणून फाटते. पाटे अ‍ॅक्सलच्या खालून वर घेण्याची पद्धत या गाडीला लागूच नव्हती, पाटे आधीच वर होते. जिथे लागू होते तिथे ती नळीची जाडी, बैठक आणि गठ्ठा मिळून एका फटक्यात १३०-१५० मिमी उचलते, अ‍ॅक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, आणि रस्त्यावर रोज धावणाऱ्या पिकअपसाठी तिची शिफारस करता येत नाही.

(मागे पाटे नसून कॉइल असलेल्या पिकअपचा हिशेब निराळा आहे. तिथे कॉइलखाली जाड पॅकिंग टाकलं की अ‍ॅक्सलला मधोमध धरणारी आडवी दांडी त्याला एका बाजूला ओढते. ९०० मिमीच्या दांडीचं एक टोक आधीच ६० मिमी खाली असेल आणि गाडी ५० मिमी उचलली, तर अ‍ॅक्सल साधारण पावणेपाच मिमी बाजूला जातो. तिथे लांबी बदलता येणारी दांडी आधी, उंची नंतर.)

निर्णय असा झाला: दोन्ही बाजूंचे पाट्यांचे पूर्ण नवे गठ्ठे, मिलिमीटरला ४० न्यूटन ताठपणाचे, १८० किलो कायमचा भार धरून कमान दिलेले. अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे बाद. कंपनीचा ३० मिमीचा ठोकळा जागेवर, कारण गाडीचा कोन आणि बंप स्टॉप त्याला धरूनच ठरलेत. लक्ष्य टपसकट ५६० मिमी, म्हणजे पुस्तिकेपेक्षा ४० वर. पुढचे ४५ आणि मागचे ४०, गाडीचा मूळ झुकाव जवळपास तसाच. ४०० किलो भरल्यावर ती ४९ मिमी बसून ५११वर येणार. मालकाला ६० मिमी हवे होते. साध्या क्रॉस जॉइंटच्या शाफ्टला आणि कायम भार वाहणाऱ्या गाडीला ते द्यायचे नाहीत, यावर ठाम राहिलं गेलं, आणि ते योग्यच झालं.

शॉकअप, बंप स्टॉप, दांडी

जुना शॉकअप पूर्ण ताणून ५६० मिमीचा होता. ठोकळ्यामुळे अ‍ॅक्सल मूळपेक्षा ३० मिमी जास्त लोंबत होता, त्यामुळे पाटे थांबण्याआधी शॉकअपच ताणून थांबायचा. वरच्या डोळ्याचं रबर त्यानेच फाटलं. नवी उंची धरून शॉकअपच्या रेषेत मोजलं: उभ्या गाडीत ४९५ मिमी, लोंबायला १०० तरी हवेत. म्हणून ६०५ मिमी ताणणारा घेतला. असा शॉकअप पूर्ण दाबून ३६५चा असतो. बंप स्टॉपपर्यंतचं अंतर मूळ ९० अधिक ४०, म्हणजे शॉकअप ३६५वर असताना कुठे रबर टेकायला लागणार. रबर आणखी २० मिमी दबतं, तोवर शॉकअपची दांडी तळाला आपटली असती. म्हणून बंप स्टॉप आणि त्याच्या बैठकीमध्ये २५ मिमीचं पोलादी पॅकिंग आणि लांब बोल्ट. आता रबर पूर्ण दबलं तरी शॉकअपला ५ मिमी शिल्लक. शॉकअपची लांबी आणि बंप स्टॉप हे जोडीने ठरवायचे असतात. एकटा लांब शॉकअप घेतला की तो खालून फुटतो.

ब्रेक व्हॉल्व्हच्या दांडीला ४० मिमी उचल द्यायची, असा सरळ हिशेब मनात येतो. तो चुकीचा आहे. नवे पाटे ताठ आहेत, त्यामुळे तुलना त्याच भारावर करायला हवी. रिकाम्या गाडीत मूळ ५२०, नवी ५८२: फरक ६२. टपसकट मूळ ४९४, नवी ५६०: ६६. पूर्ण भाराला मूळ ४३६, नवी ५११: ७५. अ‍ॅक्सलकडचा दांडीचा कंस ६६ मिमीने वर घेतला, कारण गाडी बहुतेक वेळ त्याच भारावर चालते. ७५ दिले असते तर रिकाम्या गाडीत मागचं चाक आधी अडकण्याचा धोका होता, आणि तो जास्त वाईट. कंस हलवल्यावर पुढच्या आणि मागच्या लाइनला प्रेशर गेज लावून पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून पाहिलं. नुसत्या मापावर हे काम सोडू नये.

बसवणी

चेसिस दोन घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर), अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर. एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी, म्हणजे अ‍ॅक्सल जागचा हलत नाही. शॉकअप, ब्रेक होजचा कंस, हँडब्रेक केबल आणि एबीएसची वायर आधी सोडायची, मगच अ‍ॅक्सल खाली घ्यायचा. होजवर अ‍ॅक्सल लोंबता ठेवला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून दिसत नाही.

बैठक, ठोकळा आणि पाट्याचा तळ पातळ ब्लेडने खरवडून उघड्या धातूपर्यंत साफ केला. तिथे रंग नाही, ग्रीस नाही. सेंटर बोल्टचं डोकं ठोकळ्याच्या भोकात आणि ठोकळ्याची खुंटी बैठकीच्या भोकात पूर्ण गेली की नाही हे बोट फिरवून तपासलं. यू-बोल्ट नवे, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तोच आवळ देत नाही. लांबीचा हिशेब: अ‍ॅक्सल नळी ८०, बैठक ८, ठोकळा ३०, गठ्ठा ६२, पट्टी १२, वॉशर-नट आणि आटे २८, एकूण २२० मिमी. वाकाचा आकार नळीला बसणाराच हवा. गोल नळीवर चौकोनी वाकाचा बोल्ट बसवला तर तो दोन रेषांवर टेकतो आणि पुढे ढिला पडतो.

नट तिरप्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळले: सांगितलेल्या टॉर्कचा तिसरा हिस्सा, दोन तृतीयांश, मग पूर्ण. शेवटचा टप्पा गाडी स्वतःच्या चाकांवर आल्यावर. शॅकल आणि पुढच्या डोळ्याचे बोल्टही तेव्हाच आवळायचे. हवेत लोंबत्या पाट्यावर आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेतच घट्ट होतो, गाडी खाली आली की कायम ताणाखाली राहतो, आणि काही महिन्यांत फाटतो. ही चूक सर्वांत जास्त होते.

मग एक मागचं चाक रॅम्पवर चढवून दुसरं लोंबवलं, आणि उलट. ब्रेक होज लोंबत्या टोकाला ताठ होत होता. त्याचा चेसिसकडचा कंस खाली घेतला. हँडब्रेक केबलला पुरेशी ढील होती. शाफ्टचा सरकता सांधा पूर्ण लोंबल्यावर किती बाहेर आला ते रंगाच्या खुणेने मोजलं, पुरेसा गुंतलेला होता. पिनियन २.२ अंश, योक ३.०. कोन सुधारायला पाचर लावायची गरजच पडली नाही.

चाकांचं अलाइनमेंट केलं. दोन्ही बाजूंचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर एक मिमीच्या आत सारखं आलं. दिवे भिंतीवर रेघ आखून नव्याने लावले.

पहिल्या १०० किमीनंतर आठही नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले. पाच किंचित फिरले, नव्या सांध्यात ते अपेक्षितच. ५०० किमीनंतर एकही फिरला नाही. त्या दिवशी उंची डावीकडे ५५७, उजवीकडे ५५६. नवे पाटे पहिल्या काही दिवसांत तीन-चार मिमी बसतात, तेवढेच बसले होते.

मालकाला दोन गोष्टी लेखी दिल्या. पाटे ताठ झाले म्हणून गाडीची नोंदलेली भारक्षमता वाढलेली नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच आहेत. आणि टप कधी कायमचा काढला, तर दांडीचा कंस ६६वरून ६२वर आणून गेजवर पुन्हा तपासून घ्यायचा.